किमोचा अभ्यास औषधाच्या नावापासून सुरू करा

लालबागला घर असल्यामुळे सिंधुदुर्गातल्या आमच्या नातेवाइकांपैकी कुणाला कॅन्सरसाठी परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवायचं झालं, की मुक्काम आमच्याकडे ठरलेला. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत गेली, त्यामुळे समोरचा गोंधळलेला दिसला की वही काढायची सवय. किमो, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधांचा उपचार, सुरू होताना घरच्यांनी काय शिकायचं, कुठून शिकायचं आणि पेशंटला ते कसं सांगायचं, याची आमच्या घरात एक पद्धत बसली आहे. तीच सांगते.

मोबाइलवर आजाराचं नाव टाकून शोधू नका. जगभरची भीती समोर येते आणि उद्या सकाळी काय करायचं ते कळतच नाही. औषधाचं नाव टाका. 'किमो' म्हणजे काही एकच औषध नव्हे. बर्फाचंच बघा. फ्लुरोयुरॅसिल शिरेतून झटक्यात देतात तेव्हा तोंडात बर्फाचा खडा धरायला सांगतात, त्याने तोंड कमी येतं. ऑक्झालीप्लॅटिन चालू असेल तर बर्फ काय, फ्रीजचं पाणीसुद्धा नको. थंडीने बोटांना, घशाला झिणझिण्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो. दोघेही पेशंट 'किमो चालू आहे' असंच सांगतात. मग शेजारणीच्या भावाला चाललं ते आपल्या माणसाला चालेलच, हे कशावरून?

फाईलमध्ये डॉक्टर 'एसी', 'कॅपॉक्स', 'आर-चॉप' असं काहीतरी लिहितात. ही बहुतेक औषधांची आद्याक्षरं असतात. डे-केअरच्या, म्हणजे किमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागाच्या, सिस्टरकडून प्रत्येक अक्षराचं पूर्ण नाव विचारा, स्पेलिंगसकट वहीत उतरवा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. नाव औषधाचं हवं, कंपनीने ठेवलेलं नको. कंपनीचं नाव दुकानागणिक बदलतं.

नाव हातात आलं की वाचायचं कुठे? आधी हॉस्पिटलने दिलेला कागद. तो साधा दिसतो म्हणून पिशवीच्या तळाशी जातो, पण तुमच्या डॉक्टरांच्या पद्धतीशी जुळणारा तोच असतो. इंग्रजी वाचणारं घरात कुणी असेल तर अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या किमोवरच्या आणि उपचारातल्या खाण्यापिण्यावरच्या पुस्तिका फुकट मिळतात, भाषाही सोपी आहे. ब्रिटनच्या मॅकमिलन संस्थेने एकेका औषधाची स्वतंत्र माहिती दिली आहे. तिथले फोन नंबर आणि विम्याच्या गोष्टी सोडून द्या, बाकीचं कामाचं. मराठी हवं असेल तर मुंबईच्याच जॅस्कॅप या संस्थेने मराठीतही पुस्तिका काढल्या आहेत. १९५१ पासूनची इंडियन कॅन्सर सोसायटी, १९६९ पासूनची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि १९९४ पासूनचं व्ही केअर फाउंडेशन या पेशंटना मदत करणाऱ्या तिन्ही संस्था मुंबईतल्याच. व्ही केअर सुरू करणाऱ्या वंदना गुप्ता स्वतः या आजारातून गेलेल्या. अशा माणसाशी बोलताना पेशंट जे विचारतो, ते डॉक्टरांना विचारत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराला मी तीन प्रश्न विचारते. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि शेवटी काही विकायला काढलंय का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर पहिल्या दोघांची गरज उरत नाही. काढे आणि रसांचंही तेच. 'गुळवेल काय, झाडपाला तर आहे' असं म्हणणारे घरोघरी भेटतात. गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेलं आहे. किमोची बरीच औषधंही यकृतातूनच जातात. घ्यायचंच असेल तर बाटली घेऊन डॉक्टरांसमोर ठेवा. लपवून देऊ नका.

आता शिकवण्याचं. माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे ताईंना, एसी सुरू होणार होतं, म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधं. मी पंधरा मुद्दे काढून बसले, तर त्या म्हणाल्या, "माजे केस परत कधी येतले, ता आधी सांग गो." बरोबरच होतं त्यांचं. पेशंटच्या मनात जो प्रश्न अडकलाय तो सुटेपर्यंत पुढचं डोक्यात शिरत नाही. केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी परत उगवायला लागतात, हे ऐकल्यावर त्या पुढचं ऐकायला तयार झाल्या. तेही एका बैठकीत एकच धडा. पहिला धडा लाल औषधाचा. डॉक्सोरुबिसिन लाल असतं, त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त समजून हबकतो. दुसरा धडा पाण्याचा. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाची आग होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढं पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवून ठेवायची नाही. तिसरा सलाइन चालू असतानाचा: सुईच्या जागी जळजळलं, सुजलं, दुखलं तर गप्प बसायचं नाही, लगेच सिस्टरला हाक मारायची. आपल्या बायका 'त्यांना कशाला त्रास' म्हणून सोसत बसतात. लाल औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीला मोठी जखम होते, हे सरळ शब्दांत सांगितलं तेव्हा कुठे ताईंना पटलं.

ज्यांना वाचायचा कंटाळा, त्यांच्यासाठी आवाज. सिस्टर समजावून सांगत असताना, तिची परवानगी घेऊन, मोबाइलवर रेकॉर्ड करा. गावाकडे असलेल्या मुलालाही तेच पाठवा, म्हणजे प्रत्येकाने वेगळं ऐकल्याची भांडणं होत नाहीत.

भिंतीवरचं कालनिर्णय दुधाच्या हिशेबाइतकंच इथेही उपयोगी. किमोच्या दिवशी निळी खूण. त्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट सर्वांत खाली जातो, त्या दिवसांवर लाल रेघ. औषधागणिक हे दिवस मागेपुढे होतात, तेव्हा तुमचे कोणते ते विचारून घ्या. लाल दिवसांत बारसं नाही, गर्दीचं लग्न नाही, बाहेरचं कापलेलं फळ नाही, पाणीपुरी तर नाहीच. खाणं ताजं, गरम, पूर्ण शिजलेलं. ताईंना पेज आणि मऊ भात चालायचा, फोडणीचा वास आला की मात्र उलटी. उलटीची गोळी उलटी होण्याची वाट बघत ठेवायची नसते, सांगितलेल्या वेळेला घ्यायची. त्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, त्याचंही औषध मागून घ्या.

वहीच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, तापाचा आकडा: १००.४ फॅरनहाइट. तिथे पारा पोचला की वेळ कोणतीही असो, हॉस्पिटल गाठायचं. ताप उतरवायची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. काउंट खाली असताना साधा वाटणारा संसर्ग काही तासांत अंगात पसरतो, आणि गोळीने ताप तेवढा झाकला जातो. आकड्याखाली रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर, औषधांची नावं आणि शेवटच्या किमोची तारीख. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य 'ताप आहे' असं नको. 'किमो चालू आहे आणि ताप आला आहे' असं म्हणा.

घरात सांभाळणाऱ्यांसाठी एक धडा पेशंटच्या गैरहजेरीत घेतला तरी चालेल. किमोनंतर साधारण दोन दिवस उलटी, लघवी, संडासात औषधाचा अंश असतो, म्हणून ते साफ करताना हातमोजे घालायचे, फ्लश झाकण लावून करायचा आणि खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने कॅन्सर होत नाही. हे मात्र पेशंटच्या देखत, मोठ्याने सांगा.

पैशाचं आणि प्रवासाचं शिक्षण हॉस्पिटलच्या समाजसेवकांकडे घ्यायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद, राहायला परळच्या नाना पालकर स्मृती समितीसारखी जागा, सगळं तिथे विचारा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या: उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटला तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, पण कुणी हटकलं तर दाखवायला हॉस्पिटलच्या कागदाची झेरॉक्स जवळ हवी. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून वहीच्या मागच्या कव्हरला स्टेपल करून टाका.