जाहिरात दिसायची, पण आमच्या आंब्याच्या साइटचं नाव कुणाला आठवायचं नाही: माझा अनुभव

लक्षण असं: जाहिरात चालू असेपर्यंत साइटवर वर्दळ, बंद केली की शुकशुकाट. देवगडहून पेटी घेऊन गेलेलं गिऱ्हाईकसुद्धा पुढच्या हंगामात फोन करायचं, "साइटचं नाव काय हो तुमच्या?" फेसबुकवर पैसे वाढवले, एसटी स्टँडवर पत्रकं वाटली, फलक मोठा केला. २ हंगाम वाया गेले, फार जिवाला लागलं.

दोष नावातच होता. लांबलचक, त्यात 'वाडी'. कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू.

आधी नवं छोटं नाव फोनवर एकदाच सांगून ५ जणांना रोमन अक्षरांत लिहायला लावलं. दोघं चुकले, म्हणून त्या चुकीच्या स्पेलिंगचा साइट-पत्ताही विकत घेतला. मग जुना पत्ता आणि हे दुसरं स्पेलिंग, दोन्ही ३०१ रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून आपोआप पुढे नेणारी सोय) नव्या पत्त्यावर वळवले. छपाई त्यानंतरच, क्रम उलटा करू नका. पेटीच्या झाकणाला आतून, जिथे नजर जातेच, नाव आणि खाली क्यूआर कोड छापला. तो एच पातळीचा (चूक-दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी) घ्या, साधारण ३० टक्के खराब झाला तरी वाचला जातो; भोवती कोडमधल्या ४ बारीक चौकटींइतकी कोरी कड सोडा. फलकावर तेच नाव, तोच रंग, बाकी मजकूर काढला.

या हंगामात लोक नाव टाइप करून थेट येतायत.