शेवगा आणि मधुमेह: या चुका टाळा

मला मधुमेह होऊन 11 वर्षं झाली. शेवग्याचा पाला आठवड्यातून तीन-चार वेळा माझ्या जेवणात असतो आणि तो मी सोडणार नाही. पण साखर उतरवायला शेवगा सुरू केला म्हणून सांगणारी माणसं भेटतात, तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा ऐकून जीव कळवळतो. त्यातली एक जिवावर बेतू शकते, म्हणून आधी तीच.

गोळी चालू, वरून पावडर, आणि जेवण कमी

माझे मामा सकाळी ग्लिमेपिराईडची गोळी घेतात. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी उपाशीपोटी कोमट पाण्यातून दोन चमचे शेवग्याची पावडर सुरू केली. आठ-दहा दिवसांत आकडे उतरायला लागले, तसा हुरूप आला आणि त्यांनी सकाळचं खाणंही निम्म्यावर आणलं. एक दिवस अकराच्या सुमारास मामींचा फोन आला, "अगं, हे बोलताना अडखळतायत, लवकर ये." मी पोचले तेव्हा सदरा घामानं भिजलेला, हात गार. मामा ग्लुकोमीटरमध्ये स्ट्रिप घालायला गेले तर बोटं इतकी थरथरत होती की ती तीनदा खाली पडली. मी तपासलं. 54. पाण्यात तीन चमचे साखर ढवळून घोट घोट पाजलं, 15 मिनिटांनी पुन्हा बघितलं, 81. मग पोटभर खायला घातलं.

"शुगर उतरतेय म्हणून मी खूश होतो गं," मामा नंतर म्हणाले.

ग्लिमेपिराईडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. त्यात खाणं निम्मं आणि वर पावडर, म्हणजे तिन्ही गोष्टी साखरेला खालीच ओढत होत्या. नुसत्या मेटफॉर्मिनवर, म्हणजे मधुमेहाच्या दुसऱ्या एका गोळीवर, साखर अशी कोसळणं विरळा. त्यामुळे शेवगा रोज घ्यायचा असेल तर आधी आपल्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी हे सुरू करतोय." इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये. 70 च्या खाली आकडा आला की आधी साखर घ्यायची, कारण नंतर शोधायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे शेवगा सुरू केला म्हणून गोळी बंद करणं. हे मला मुळीच पटत नाही. शेवग्यावरचे बरेचसे प्रयोग उंदरांवर आणि तेही अर्क देऊन झालेत. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. एवढ्या आधारावर गोळी सोडायची नसते.

चार दिवसांच्या आकड्यावर विश्वास

"काल 142 होती, आज 128. शेवग्यानं काम केलं!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! घरच्या ग्लुकोमीटरला 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभाच असते. खरी शुगर 135 असली तरी मशीन एकदा 142 आणि एकदा 128 दाखवू शकतं. रात्रीचं जेवण, अपुरी झोप, सर्दी-ताप, या सगळ्यानं सकाळचा आकडा हलतो तो वेगळाच.

माझी सवय सांगते. काहीही नवं सुरू करायच्या आधी दोन आठवडे वहीत उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर लिहायची. मग फक्त ती एकच गोष्ट बदलायची. त्याच आठवड्यात चालणंही वाढवलं आणि भातही सोडला, तर श्रेय कुणाला देणार? खरा निकाल एचबीएवनसी या रक्ततपासणीचा, आणि त्याला तीन महिने थांबावंच लागतं, कारण ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते. ज्यांना आठवड्यात फरक हवा असतो, तेच पंधराव्या दिवशी पावडर सोडून पुढच्या उपायाकडे वळतात.

रिकाम्या पोटीचा हट्ट

पाल्यातला चोथा जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरवतो. पिष्ट पचवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) त्यातली द्रव्यं अडवतात, असंही प्रयोगशाळेत दिसलंय. हे काम व्हायला पोटात पिष्ट तर हवं! मी पाला जेवणातच घेते. पावडर घ्यायचीच झाली तर एक लहान चमचा, तोही जेवणाच्या घासाबरोबर. आणि ती मधातून किंवा गुळाच्या पाण्यातून घेऊ नका. ज्यासाठी घेतो तेच त्यानं बुडतं.

"दुधाच्या 17 पट कॅल्शियम"

ही तुलना 100 ग्रॅम सुक्या पावडरची 100 ग्रॅम दुधाशी आहे. लहान चमच्यात पावडर मावते जेमतेम तीन ग्रॅम, म्हणजे सुमारे 60 मिलिग्रॅम कॅल्शियम. तेवढं अर्ध्या कप दुधातही मिळतं. अशा आकड्यांना भुलून चार-चार चमचे घेणाऱ्यांना पोटात मुरडा आणि जुलाब होतात, दुसरं काही नाही.

पाला उन्हात वाळवू नका, रंग आणि जीवनसत्त्वं दोन्ही जातात. धुऊन, पाणी निथळवून सावलीत पसरा. बोटांत चुरलं की कुरकुरत भुगा झाला पाहिजे, पान नुसतं दुमडलं तर ओल शिल्लक आहे आणि बरणीत बुरशी धरणार. कुबट वास आला की टाकून द्या, हळहळू नका.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाल्यातलं पोटॅशियम आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी घेणाऱ्यांनीही विचारावं, कारण पाल्यात रक्त गोठायला मदत करणारं के जीवनसत्त्व असतं. मूळ आणि साल यांचा काढा कुणीच घेऊ नये, त्यांत विषारी द्रव्यं असतात. गरोदर बाईनं तर त्याच्या जवळही जाऊ नये.