‘द सारा सिल्व्हरमन प्रोग्रॅम’ खरोखर विनोदी आहे का, हे कसे पारखावे

कॉमेडी सेंट्रल या अमेरिकी वाहिनीवर २००७ ते २०१० या काळात दाखवल्या गेलेल्या या मालिकेचा निकाल एकाच भागावरून देऊ नये. एखाद्या विनोदाने धक्का बसला, तर तोच प्रसंग काही दिवसांनी पुन्हा पाहावा, कारण धक्का पहिल्याच वेळी ओसरतो आणि त्यानंतरही हसू आले, तर ते पात्राच्या स्वभावातून आलेले असते. इथली नायिका (ही भूमिका विनोदी अभिनेत्री सारा सिल्व्हरमन हिने केली आहे) आत्मकेंद्री असून बहिणीच्या जिवावर जगते (बहिणीची भूमिका साराची सख्खी बहीण लॉरा हिनेच केली आहे). म्हणून आपण नायिकेच्या अज्ञानाला हसतो की तिने दुखावलेल्या माणसाला, हे प्रत्येक वेळी तपासावे. माझ्या मते या कसोटीवर मालिका बहुतेकदा टिकते. नुसती किळस आणणारे विनोद मात्र दुसऱ्यांदा पाहताना फिके पडतात.