ध्वनिपाठांतून बोलण्यापुरती फ्रेंच
भुसावळहून जळगावला रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्याला दहा मिनिटांचा ध्वनिपाठ वाटेत दोनदा ऐकता येतो. मात्र घरी आल्यावर तोच पाठ वाक्यावाक्याला थांबवून मोठ्याने म्हणावा, कारण जीभ वळल्याशिवाय बोलणे येत नाही.

सुरुवातीला पुस्तक उघडू नये. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुधा उच्चारत नाहीत, पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की ते अनेकदा जागे होते: ‘वू’ (तुम्ही) आणि ‘आवे’ (आहे, जवळ असणे) एकत्र आले की ‘वूझावे’ ऐकू येते, आणि हा जोड डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतो. हे ‘वू’ आपल्या ‘तुम्ही’सारखेच अनेकांना आणि आदराने एकालाही चालते, म्हणून अनोळखी माणसाशी तेच वापरावे. ‘तू’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दातील स्वर मराठीत नाही. ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून आत ‘ई’ म्हणावी. घरी अहिराणी आणि शाळेत मराठी बोलत वाढलेल्यांना भाषा बदलण्याची सवय असतेच, ती येथे फार उपयोगी पडते.

ऐंशीला फ्रान्समध्ये ‘चार विसा’ (चार वेळा वीस) म्हणतात. म्हणून आकड्यांचा पाठ आठवडाभर रोज ऐकावा.