पहिली सी कयाक घेताय? आधी तिच्यात अर्धा तास बसून बघा

खान्देशात कुठला आलाय समुद्र, सी कयाक (समुद्रात वल्ह्यानं चालवायची लांब, अरुंद होडी, आत पाय लांब करून बसायची) घेऊन करणार काय, असं भुसावळात मला कितीतरी जणांनी विचारलंय. पण भाऊ, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे ना, तिथं हतनूरचं बॅकवॉटर एवढं पसरलंय की दुपारी वारा सुटला की चांगल्या लाटा उठतात, आणि हिवाळ्यात चार दिवस मालवणला जायचं तर हात इथंच बसवावा लागतो. फक्त धरणात उतरायच्या आधी पाटबंधारे खात्याला विचारून घ्या.

माझी पहिली चूक सांगतो. ओळखीतून एक दहा फुटी रुंद कयाक आणली, शांत पाण्यात हिंडायची, आतून पूर्ण मोकळी. आडवी लाट लागली आणि उलटली. लाइफ जॅकेट होतं म्हणून मला काही झालं नाही, पण कयाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यानं भरली, उचलायला गेलो तर जागची हलेना, शेवटी जाळं टाकायला आलेल्या एका काकांनी आपल्या होडीला बांधून काठापर्यंत ओढत आणली. समुद्रात असे काका भेटतीलच असं नाही.

म्हणून सगळ्यात आधी बल्कहेड बघा. म्हणजे सीटच्या पुढं आणि मागं आतून पक्की भिंत पाहिजे, दोन्हीकडं झाकणवाले हॅच, म्हणजे सामान आत ठेवायची तोंडं, पाहिजेत. मग उलटली तरी पाणी फक्त बसायच्या जागेत भरतं, दोन्ही टोकं तरंगत राहतात आणि तुम्हाला परत चढता येतं. वर डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या पाठीवर, चारी बाजूनं पकडायला दोरी हवीच.

माप म्हणाल तर पहिलीला 14 ते 16 फूट लांब आणि 22-24 इंच रुंद बरी. पहिल्यांदा बसलात की डुगडुगेल, घाबरू नका, सी कयाक सपाट पाण्यात थोडी हलतेच, पण कलली की एका ठिकाणी टेका दिल्यासारखी थांबते आणि लाटेत तेच कामाला येतं.

आता बसायचं. पाठ टेकवा, तळवे पेगवर (आत पाय टेकवायच्या खुंट्या), गुडघे थोडे वाकलेले, मांड्या वर डेकला लागल्या पाहिजेत. कंबर हलवली की कयाक हलली पाहिजे, तुम्ही आतल्या आत घसरताय तर ती मोठी आहे. पायाला मुंग्या येतात का ते पाच मिनिटांत कळत नाही, म्हणून अर्धा तास. आणि उठताना गुडघे अडकले तर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, उलटल्यावर त्याच गुडघ्यांनी बाहेर यायचंय.

प्लॅस्टिक की फायबर? पहिली प्लॅस्टिकचीच घ्या, जड असते पण खडकाला घासली तरी सहन करते. फक्त आपल्याकडं मे महिन्यात 45 डिग्रीला प्लॅस्टिक नरम पडतं, गाडीच्या टपावर पट्टा करकचून आवळला की तळाला खळगा पडतो. घरी सावलीत ठेवा, गोठ्याच्या पत्र्याला चिकटून नको, तिथं भट्टी असते.

रडर (मागचं वळवायचं सुकाणू) की स्केग (मागं तळाखाली सोडायचं, न वळणारं पातं) यावर डोकं नका खपवू, बाजूच्या वाऱ्यात सरळ जायला दोन्ही मदत करतात, दोन्हीपैकी एक असलं की झालं.

जुनी घेत असाल तर मागच्या हॅचमध्ये दोन बादल्या पाणी ओता, कयाक पुढं कलवा म्हणजे पाणी भिंतीला लागेल, आणि चहा होईपर्यंत तशीच ठेवा. सीटकडं पाणी झिरपलं तर भिंतीचा जोड सुटलाय, तो सीलंटनं भरता येतो, तेवढे पैसे कमी करून मागा. हॅचचं रबर मात्र दुमडून बघा, उन्हानं तडे गेले असतील तर नवीन झाकण कुठून मिळणार ते विकणाऱ्यालाच विचारा आणि ते हातात आल्यावरच पैसे द्या.