तो प्रसाद नव्हे!

बडोद्याहून वसईला निघालात तर नुसता किल्ला बघून परतू नका. समुद्रालगतच्या नंदाखाल, आगाशी या गावांतली पोर्तुगीज काळापासूनची चर्चही बघा. त्यांना विरार स्टेशन जवळ. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चक्क मराठीत ऐकायला मिळते. टोपी काढून मागच्या बाकावर बसा, खांदे झाकलेले असू द्या, फोटो नंतर. रांगेत पांढरी पातळ भाकर देतात, ती प्रसाद समजून हात पुढे करू नका (आमची मावशी उभी राहिलीच होती!). ती ख्रिस्तशरीर मानतात, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच. घंटा नीट बघा. १७३९ साली वसई जिंकल्यावर मराठ्यांनी नेलेल्या अशा काही घंटा आपल्या देवळांत टांगल्या आहेत.