सर नको म्हणाले होते, तरी मी गेले

आठवी-नववीपासून बारावीपर्यंत खो-खो खेळणाऱ्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. चौरसात कसं बसायचं, खो कधी द्यायचा, साखळीत कसं पळायचं ते तुम्हाला येतं, त्यात मी पडत नाही. मला एका कागदाबद्दल सांगायचंय. त्या कागदापायी माझी साडेतीन वर्षं गेली आणि ज्या माणसाने आधीच सावध केलं होतं, त्याच्याशी मी खोटं बोलले.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. आमच्याकडे खो-खो घराघरांत आहे. खो-खोपटू सारिका काळे याच जिल्ह्यातल्या. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मी मैदानावर गेले ती 2016 च्या उन्हाळ्यात, दुष्काळात. प्यायचं पाणी विकत घ्यावं लागायचं. तरी आमचे सर मोटारसायकलला दोन कॅन बांधून पाणी आणायचे आणि फक्त दोन्ही खांबांच्या अंगाला शिंपडायचे, कारण सूर मारताना पोरींच्या कोपरांची सालटी निघायची. बाकी मैदान धुळीचंच. पाणी शिंपडून झालं की रिकामे कॅन उपडे ठेवायचे आणि त्यांच्यावर आपलं रजिस्टर उघडायचे.

त्या दोनशे पानी रजिस्टरात प्रत्येकीची रोजची पळती, म्हणजे बाद न होता ती किती वेळ पळाली ते, लिहिलेलं असायचं. माझी पहिली नोंद 38 सेकंदांची. सर कधी ‘छान’ म्हणाले नाहीत. आकडा मोठ्याने वाचायचे, मागच्या आठवड्याचा वाचायचे, आणि ‘उजव्या खांबाला तू दोनदा एकाच बाजूने वळलीस’ एवढंच सांगायचे. पुढच्या दिवशी बाजू बदलली की तेही रजिस्टरात यायचं. दीड वर्षाने मी तिसऱ्या तुकडीतून पहिल्या तुकडीत आले.

आता तो कागद.

2018 मध्ये, मी बारावीत असताना, ओळखीच्या एका माणसाने ‘राष्ट्रीय’ स्पर्धेची माहिती आणली. दुसऱ्या राज्यात स्पर्धा, 4,500 रुपये भरायचे, त्यात ट्रॅकसूट, जेवण आणि सहभागाचं प्रमाणपत्र. निवड चाचणी नाही, पैसे भरले की नाव पक्कं. त्याच आठवड्यात आमची जिल्ह्याची कुमार गटाची (18 वर्षांखालची) निवड चाचणी होती. सरांना विचारलं तर म्हणाले, “संघटना कुणाची आहे ती? चौकशी करतो, तोवर पैसे भरू नको.” मला वाटलं, मी पुढे जातेय हे सरांना बघवत नाही. असं वाटण्याची आजही लाज वाटते. आजी आजारी आहे असं सरांना सांगितलं आणि गाडीत बसले.

तिथे चार संघ होते. दोन दिवसांत तीन सामने झाले. सुवर्णपदक मिळालं, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. गावात फ्लेक्स लागला, मिरवणूक निघाली. सर मिरवणुकीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी माझी पळती नेहमीसारखीच लिहिली.

पुढच्या वर्षी नोकरीच्या अर्जासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करायला गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि शांतपणे सांगितलं, “ही संघटना मान्यताप्राप्त नाही, हे चालणार नाही.” जिथे खरंच खेळायला हवं होतं ती कुमार राज्य स्पर्धा तोवर माझ्या वयातून निघून गेली होती.

हे नीट समजून घ्या, कारण दरवर्षी कुणीतरी यात अडकतं. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच खेळाडूंसाठी जागा. त्यासाठी नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, ते क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयाकडून पडताळून घ्यावं लागतं. तिथे तुमचा खेळ कितीही चांगला असला तरी आधी पाहतात ते स्पर्धा कोणी घेतली ते. संघटना मान्यताप्राप्त हवी. खो-खोत रस्ता ठरलेला आहे: जिल्हा संघटनेची निवड चाचणी, मग महाराष्ट्र खो-खो असोसिएशनची राज्य स्पर्धा, तिथून राष्ट्रीय. शाळेकडून खेळत असाल तर शालेय स्पर्धांची तालुका-जिल्हा-विभाग-राज्य अशी वेगळी शिडी. एखादी स्पर्धा यातली एकही पायरी न चढता थेट ‘राष्ट्रीय’ म्हणत असेल तर तिथेच थांबा. पैसे भरावे लागतात म्हणून स्पर्धा खोटी ठरत नाही, खऱ्या स्पर्धांनाही प्रवासाचे, कपड्यांचे पैसे कितीतरी वेळा घरूनच जातात. निवड झाली कशी, हे विचारा. चाचणी कुठे झाली, कोण निवडकर्ते होते, किती जिल्ह्यांचे संघ आले, सामन्यांची गुणपत्रकं कुणाकडे आहेत. याची उत्तरं नसतील तर पदक किती मोठं आहे ते बघूच नका. खात्री करायला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक चक्कर मारा. मी ती चक्कर मारली असती तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता.

आणि कोणत्या पदाला कोणत्या पातळीचा खेळ लागतो, ते अर्ज करताना लागू असलेल्या शासन निर्णयात स्वतः वाचा. हे नियम बदलत असतात. मैत्रिणीने पाठवलेल्या मेसेजवर विसंबू नका, तिला चालला तो कागद तुम्हाला चालेलच असं नाही.

माझं एक स्पष्ट मत आहे, ते कुणाला आवडो न आवडो. जो मार्गदर्शक महिनाभरात राष्ट्रीय खेळवतो म्हणतो, त्याच्याकडे पोरगी पाठवू नका. रीलवर आकाशीय सूर, म्हणजे गडी बाद करायला हवेत झोकून मारलेली उडी, बघून तो पोरांकडून मारून घेणाऱ्यांचा तर मला राग येतो. नीट उतरायला शिकवलेलं नसतं, गुडघे फुटतात, आणि शिकवणारा गावात सापडत नाही. त्याच वेळी फुकट शिकवतो म्हणून कुणी आपोआप चांगला ठरत नाही. तुमच्या चुका जो नोंदवून ठेवतो आणि तुम्हालाच दाखवतो, त्याला धरून राहा.

ज्यांचं असं प्रमाणपत्र आधीच निघालंय, त्यांनी घाबरू नये. वय गेलं असं वाटतं, पण खुला गट असतो. पडताळणीतून परत आले त्या दिवशी मी बसस्टँडवरून घरी न जाता थेट मैदानावर गेले. सर मैदानावर चुन्याने पाटीच्या रेघा आखत होते. मी उभी राहिले, रडायला आलं, आजीचं खोटं सांगितलं होतं तेही बोलून टाकलं. त्यांनी रेघ पूर्ण केली, दोरी गुंडाळली आणि म्हणाले, “उद्या साडेपाचला ये. बूट आण.” त्यानंतर तो विषय त्यांनी आजतागायत काढलेला नाही.

मध्ये करोनात मैदान बंद झालं. सरांनी घराच्या गच्चीवर करायचे व्यायाम कागदावर लिहून दिले, वजन वाढू देऊ नको म्हणाले. मैदान उघडल्यावर खुल्या गटाच्या निवड चाचणीला उभी राहिले, पहिल्या हंगामात राखीव, दुसऱ्यात संघात. राज्य स्पर्धेत आमचा जिल्हा तिसरा आला. उपांत्य सामन्यात माझी पळती 2 मिनिटं 20 सेकंद झाली. या स्पर्धेचा कागद पडताळणीत पास झाला आणि आज मी कनिष्ठ लिपिक आहे.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर या भारतीय संघांच्या महाराष्ट्रातल्या दोन कर्णधारांनी महिलांचा आणि पुरुषांचा असे दोन्ही चषक जिंकले. सामने सगळे मॅटवर. आम्ही सरांच्या घरी बसून पाहिले. सर निवृत्त झालेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. अंतिम सामना चालू असताना त्यांनी हात मागे करून काहीतरी मागितलं. मला कळलं, मी कपाटावरून रजिस्टर काढून दिलं. नेपाळची एक मुलगी दोनदा एकाच बाजूने वळली, ते त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं.

दर रविवारी मी मैदानावर जाते. पाटी आता मी आखते. सर कडेला बसतात आणि रेघ वाकली की काठीने दाखवतात.